न सुटणारा उपास

श्रावणातल्या एका सोमवारी साखराबाईने जेवणाचं ताट पुढे सरकवलं आणि तिथून सगळं सुरू झालं. सुनेने, पुनमने, ताटात अर्धी भाकरी आणि दोडक्याची भाजी वाढली होती. साखराबाईने भाकरीकडे बघितलं, भाजीकडे बघितलं आणि हात मांडीवरच ठेवला. नेमकी त्याच वेळी घरमालकीण उमादेवी दारावरून चालली होती. ती थांबली.

"का ओ आजी, उपास हाय का?"

साखराबाईने मान हलवली.

उपास नव्हता. भूकंपानंतर तिने एकही उपास धरला नव्हता. देवाशी बोलणं तिने तेव्हाच बंद केलं होतं. पण नाही म्हटलं असतं तर उमादेवीने पुढचं विचारलं असतं. मग का जेवत नाही, कुठे दुखतंय, सुनेशी वाजलं का. त्या सगळ्याला उत्तर द्यायचं म्हणजे तोंड उघडायचं, शब्द शोधायचे, समोरच्याला पटतील असे लावायचे. मान हलवायला कमी ताकद लागते. आणि साखराबाईकडे तेवढीच उरली होती.

लातुरात ट्यूशनच्या भागात गुरुपादप्पाची तीन मजली इमारत होती. एकेका मजल्याचे लाकडी फळ्या लावून तुकडे पाडलेले. एकेका तुकड्यात डॉक्टर व्हायला आलेली पोरं नाहीतर पोरी, एक खाट, एक टेबल, भिंतीवर सूत्रं. इमारतीच्या मागे पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यातल्या एकीत साखराबाई, मुलगा वैजनाथ आणि पुनम राहत. वैजनाथ ऑटो चालवायचा, ह्याच पोरांना ह्या क्लासवरून त्या क्लासवर सोडायचा. पुनम मुलींच्या होस्टेलात झाडूपोछा करायची. आणि साखराबाई गेल्या वर्षापर्यंत पलीकडच्या गल्लीतल्या मेसमध्ये भाकऱ्या थापायची. तिची भाकरी हातावरच एवढी मोठी व्हायची की तव्यावर टाकताना शेजारची बाई सरकून उभी राहायची. मग खांद्याने दगा दिला. हात वर जाईना. मेसवाल्याने चपात्यांचं मशीन आणलं आणि तिला म्हणाला, आजी, आता आराम करा.

आराम. तो शब्द घेऊन ती घरी आली आणि पत्र्याला पाठ लावून बसली.

आधी तिने बाहेर जाणं सोडलं. मग वेणी घालणं सोडलं. सकाळी जाग यायची, पण उठून करायचं काय हे कळायचं नाही. अंग भिजलेल्या वाकळेसारखं जड. लुगडं नेसायचं म्हणजे डोंगर चढायचा. रडू येत नव्हतं. रडू आलं असतं तर निदान कुणी विचारलं असतं. नुसतं आत सगळं विझल्यासारखं, तोंडात माती धरल्यासारखं. पुनमने एका दवाखान्यात नेलं तर तिथल्या पोरसवदा डॉक्टरने मान वर न करता सांगितलं की ह्या वयात असंच असतं, आणि रक्तवाढीच्या लाल गोळ्या दिल्या. वैजनाथ म्हणाला, वयच हाय माय.

पैसेवाल्याची आई अशी गप्प झाली असती तर तिला गाडीत घालून मोठ्या शहरात नेलं असतं, चार तपासण्या केल्या असत्या, मुलीने सुट्टी काढली असती. गरिबाची म्हातारी गप्प झाली की घरातल्यांना वाटतं, बरं झालं, कटकट थांबली. म्हातारीच्या मनालाही ताप येतो हे कुणाच्या गावीही नसतं. मन तर तरण्या पोरांचं, परीक्षेच्या टेन्शनचं. त्याच्यावर ट्यूशनवाले हॉल भाड्याने घेऊन भाषणं ठेवतात. म्हातारीला फक्त गुडघे असतात.

तिला एकदा विचारलं होतं, नाही असं नाही. भूकंपानंतर. औशाच्या खालच्या अंगाचं तिचं गाव एका पहाटे जमिनीला मिळालं. गणपती बुडवून दमून लोक झोपले होते. साखराबाई तेवढी अंधारात रानाकडे गेली होती म्हणून वाचली. आणि वैजनाथ मामाच्या गावी होता म्हणून. नवरा आणि थोरली पोरगी मातीच्या भिंतींखाली राहिले. मग ताडपत्रीच्या तंबूत पुण्या-मुंबईकडचे लोक खांद्याला झोळ्या लावून आले आणि विचारू लागले, झोप लागते का, स्वप्नं पडतात का. त्या वेळीसुद्धा तिने मान हलवली होती. लागते झोप. ते बरं वाटून निघून गेले. त्यानंतर आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं तर उपास हाय का म्हणून.

मंगळवारीही ती जेवली नाही. बुधवारी दोन घास खाऊन ताट सरकवलं. उमादेवीने ते बघितलं आणि मजल्यामजल्यावर सांगितलं की आपल्या पत्र्यातल्या आजीने लई कडक धरलंय, नुसत्या चहावर आणि केळावर हाय बाई, वर तोंडातून शब्द न्हाई. दुसऱ्या मजल्यावर जळकोटची एक मुलगी राहायची. रविवारच्या टेस्टला जाताना ती खाली येऊन साखराबाईच्या पाया पडली. त्या टेस्टमध्ये तिचा नंबर वर सरकला. झालं. पुढच्या रविवारी पत्र्याच्या दारात चपलांचा ढीग पडला.

मग आईबापच यायला लागले. गाड्या गल्लीच्या तोंडाला लावून, नाकाला रुमाल लावून, नालीवरून उड्या मारत पत्र्यापर्यंत यायचे. पोराची मान म्हातारीच्या पायावर दाबायचे. ज्यांनी कधी स्वतःच्या आईच्या पायाला हात लावला नसेल तेही. साखराबाई हात उचलून डोक्यावर ठेवायची, कारण हात ठेवल्याशिवाय ते उठत नसत. येताना कुणी भगर आणायचं, कुणी शेंगदाण्याचे लाडू. अर्धापूरच्या एका केळीवाल्याने तर आख्खा घड आणून आढ्याला बांधला. पिकून पिकून त्याची केळी काळी पडली आणि खोलीत तो गोड कुबट वास भरून राहिला.  त्या वासाने साखराबाईला जे थोडं जात होतं तेही जाईना.

गुरुपादप्पा वर्षभर म्हणत होता की पत्र्याच्या खोल्या पाडून तिथे पोरांसाठी अभ्यासिका काढायची. वैजनाथने दुसरीकडे खोली शोधली होती, पण त्या भागात माणसाला राहायला जागाच उरली नव्हती, सगळी पोरांनी घेतलेली. आणि भाग सोडून लांब गेलं तर पुनमचं कामही जाणार, ऑटोचं गिऱ्हाईकही. आता गुरुपादप्पा पाडायचं नाव काढेना. उमादेवीने त्याला सांगितलं होतं, आजी हाय तवर पत्र्याला हात लावायचा न्हाई, आपल्या रूम आपोआप भरायल्यात.

वैजनाथला पहिल्यांदा लाज वाटली. मग हायसं वाटलं. हायसं वाटलेल्या माणसाला बारीकसारीक दिसत नाही. माय केळं खाते, चहा पिते, एवढं तो स्वतःला सांगायचा. पुनम एकदा भांडी घासता घासता त्याला म्हणाली की आत्याबाईंच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायल्यात, हे उपासाचं लक्षण न्हाई. तो म्हणाला, हळू बोल, पत्रा हाय.

पत्रा होता म्हणूनच साखराबाईला सगळं ऐकू गेलं. तिच्या गढूळ डोक्यात बऱ्याच दिवसांनी एक गोष्ट स्वच्छ दिसली. म्हातारी अशीतशी गेली तर लोक पोराला नावं ठेवतात, सुनेला धारेवर धरतात. उपासात गेलेल्या म्हातारीला हार घालतात. पोराला खोली राहील. मरायलाही धडपड करावी लागते, आणि तेवढा जोर तिच्यात नव्हता. हे मात्र आपोआप होत होतं. नुसतं ताट सरकवायचं आणि मान हलवायची. तिला बरं वाटलं, म्हणजे बरं वाटण्याच्या जवळचं काहीतरी.

गणपती बसले. गल्लीच्या मंडळाने ठरवलं की अनंत चतुर्दशीला आजीचा सत्कार करायचा, शाल, नारळ, एका ट्यूशनच्या सरांच्या हस्ते. कुणीतरी उमादेवीला विचारलं की व्रताचं उद्यापन कधी. उमादेवीने परस्पर सांगून टाकलं, मे महिन्यात पोरांची मोठी परीक्षा झाली की. साखराबाई आत पडल्या पडल्या ते ऐकत होती. मे. तोवर आपण कुठल्या असायला, असं तिच्या मनात आलं आणि तिने कूस बदलली. आख्ख्या गल्लीत एकाच्याही डोक्यात आलं नाही की श्रावणापासून मेपर्यंत माणूस जगतो कसा.

साबेरा आली ती चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. साबेरा म्हणजे वाजिद पिंजाऱ्याची बायको. लातुरात त्यांच्या कैक पिढ्या कापूस पिंजण्यात गेल्या. जूनमध्ये पोरं यायला लागली की गाद्यांची झुंबड उडायची, तेव्हा साखराबाई मेस सुरू होईपर्यंत साबेराच्या अंगणात बसून गाद्यांना टाके घालायची. दोघींची वर्षानुवर्षांची ओळख. साबेरा मुलीच्या, उमैमाच्या, बाळंतपणाला नांदेडला गेली होती. परत आल्यावर तिने गल्लीत ऐकलं की साखराबाई सिद्ध झाली. तिने भाकरी आणि अंबाडीची भाजी फडक्यात बांधली आणि ती बघायला आली.

दारात आल्या आल्या तिने नाक मुरडलं. केळीचा घड खाली उतरवून बाहेर नेऊन ठेवला. मग साखराबाईच्या समोर फतकल मारून बसली, तिचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. बाजारात भेंडी बघावी तसा.

"अक्का, काय चालवलंस हे?"

"उपास हाय."

"कवापसून?"

"श्रावणापसून."

"आन सुटायचा कवा?"

 मान हलवून ह्याचं उत्तर देता येत नव्हतं.

साबेराला घाई नव्हती. ती कुठे जाणार नव्हती. तिने फडकं सोडून भाकरी मांडली, आणि मग सावकाश बोलली, "आमी बी रोजा धरतो, अक्का. दिवसभर थुंकी गिळायची चोरी. पन दिवस बुडून मगरिबची अजान झाली की खजूर तोंडात जाती. सुटायची वेळ ठरल्याबिगर आमी धरतच न्हाई. तुमच्यातबी उद्यापन अस्तं, मी का बघितलं न्हाई? तुझ्याच उपासाला सुटायची वेळ न्हाई. असला उपास कोन्या देवाचा हाय, मला सांग."

बाहेर मंडळाच्या कर्ण्यावर गाणं लागलं होतं. साखराबाईने ते संपू दिलं.

"मला उपास न्हाई, साबेराबी," ती म्हणाली. "मला जगू वाटंना."

घरातलं तेल संपलं म्हणून सांगावं तशा आवाजात. पण एवढं लांब वाक्य ती किती दिवसांत बोलली नव्हती.

साबेराने अरे देवा केलं नाही, तोंडावर हात धरला नाही. ती म्हणाली, ठाऊक हाय मला, माझ्या घरी होऊन गेलंय. आणि तिने वाजिदचं सांगितलं. फोमच्या गाद्या आल्या, पिंजायची कमान खुंटीला टांगली गेली, आणि वाजिद त्या कमानीकडे तोंड करून बसला तो बसलाच. कुणी म्हणालं साया लागला, ताईत बांधला. कुणी म्हणालं, म्हातारा अल्लावाला झाला, दुनियेतून मन काढलं त्याने, आणि पोरं त्याच्याकडून फुंकर मारून घ्यायला यायला लागली. दोन वर्षं गेली त्यात. शेवटी उमैमाने नांदेडला नेलं, तिथल्या सरकारी दवाखान्यात मनाचा डॉक्टर बसतो त्याच्याकडे. त्याने गोळ्या दिल्या आणि बोलतं केलं. पहिले काही आठवडे तर ढिम्म फरक नाही. साबेराने गोळ्या फेकायलाच काढल्या होत्या.

"मग एक दिस जेवता जेवता म्हन्ला, सालनात मीठ कमी हाय. अक्का, मी चुलीपाशी बसून रडले. दोन वर्षं त्या मानसाला मीठ कळलं नव्हतं. आता रोज मिठावरून भांडतो मेला. भांडू दे."

साखराबाईने भाकरीकडे बघितलं. साबेराची भाकरी नेहमीसारखीच एका कडेला जाड होती. पूर्वी ती ह्यावरून साबेराला टोचायची.

तेवढ्यात दारात सावली पडली. उमादेवी आली होती, मागे कुठलेसे आईबाप आणि त्यांचा उंच, चष्मा लावलेला मुलगा. उमादेवीच्या हातात उद्याच्या सत्काराची शाल होती, आजीच्या अंगावर कशी दिसते ते बघायला आणलेली. समोर मांडलेली भाकरी तिने बघितली आणि साबेराला म्हणाली की भाभी, उपासाच्या मानसापुढं हे काय मांडून बसलात, उचला ते.

साबेरा हलली नाही. तिने साखराबाईकडे बघितलं.  बोलायचं ते बोलून झालं होतं.

मुलाच्या आईने मुलाला पुढे ढकललं. मुलगा वाकला. साखराबाईला त्याच्या केसांतला भोवरा दिसला. तिने नेहमीप्रमाणे हात उचलला, डोक्यावर ठेवायला. हात अर्ध्यावर थांबला. मग तो खाली गेला आणि त्याने भाकरीचा तुकडा मोडला. जाड कडेचा. साखराबाईने तो अंबाडीला लावून तोंडात घातला.

चावला तर लागलं काहीच नाही. नुसती माती. गिळताना घशात टोचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. पण तिने गिळला, आणि ओल्या आवाजात म्हणाली, "उपास नव्हता, बाई. कवाच नव्हता."

मुलगा वाकलेलाच राहिला, उठावं की नाही ते त्याला कळेना. आईबापांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्याला दंडाला धरून नेलं. उमादेवीने शालीची घडी पोटाशी धरली. ती काही आरडाओरडा करणारी बाई नव्हती. एवढंच म्हणाली, बरं नाव काढलंत आमच्या घराचं, आणि गेली.

संध्याकाळी गुरुपादप्पाने वैजनाथला बोलावून सांगितलं की दिवाळीनंतर पत्रे काढणार, बघा तुमचं. गल्लीत तोवर झालंच होतं की म्हातारी ढोंगी निघाली, मुसलमानणीच्या हातची भाकरी खाऊन बसली. मंडळाने शाल एका निवृत्त मास्तरांना द्यायचं ठरवलं. महिनाभर पाया पडणारी माणसं एका संध्याकाळीत अशी पालटली, आणि त्यातल्या एकालाही वाटलं नाही की आपण एका उपाशी बाईच्या पायावर डोकी घासत होतो.

वैजनाथ घरी आला तो ऑटोची चावी भिंतीवर फेकूनच. पुनम मध्ये पडली तर तिला बाजूला सारलं. साखराबाई पत्र्याला टेकून बसली होती, साबेरा अजून तिथेच होती.

"माय, काय केलंस हे," तो म्हणाला. "दिवाळीपत्तुर तरी धरायचा व्हता की."

 बाहेर ढोल सुरू झाला होता, उद्याची तयारी. वैजनाथ उभाच होता. आपल्याच तोंडातून गेलेलं वाक्य माणूस कधी कधी उशिरा ऐकतो. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, जणू कुणी त्याला तेच शब्द परत वाचून दाखवत होतं. तो खाली बसला. मायचं मनगट हातात उचललं तर बांगड्या खळकन कोपराकडे गेल्या. त्याने त्या परत खाली ओढल्या. परत गेल्या. मग त्याने डोकं तिच्या गुडघ्यावर ठेवलं, आणि ते पाया पडणं नव्हतं.

साखराबाईला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा असं वाटलं नाही. तिला काहीच वाटत नव्हतं, हीच तर गोष्ट होती. तरी तिने हात ठेवला.

विसर्जनाच्या दिवशी सगळे गणपतीमागे असताना मायलेक दोघं नांदेडच्या एसटीत बसले. लातुरातही दवाखाना होता, पण तिथे गल्लीतलं कुणी ना कुणी भेटणार आणि रातोरात ढोंगी म्हातारीची वेडी म्हातारी होणार. नांदेडला उमैमाचं घर होतं, तिला साबेराने फोन केला होता. पुनम कामावर गेली. सुट्टी मागितली असती तर कामच गेलं असतं. खोलीचं काय ते परत आल्यावर बघायचं होतं.

अहमदपूरला गाडी थांबली. वैजनाथ उतरला आणि कागदात भजी घेऊन आला. साखराबाई खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिने मान हलवली, नको म्हणून.

"मला बी नकोय," तो म्हणाला. "एकेक खाऊ दोघं."

तिने एक भजं घेतलं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, लहानपणी ती त्याच्याकडे बघायची तसा. साबेराने त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं असणार, कारण तो जरा वेळाने, दुसरीकडे बघत, सहज विचारल्यासारखं म्हणाला, "मीठ बराबर हाय का गं?"

साखराबाईने भजं जिभेवर फिरवलं. कोमट, तेलकट, काहीतरी. पोरगं केवढ्या आशेने बसलं होतं. हो म्हणून मान हलवली असती तर त्याचा रस्ता सुखाचा गेला असता. मान हलवायला काही लागत नाही.

"कळंना मला," ती म्हणाली. "मीठ हाय का न्हाई, कायच कळंना."

वैजनाथने मान डोलावली. कंडक्टरने दोरी ओढली. गाडी लोह्याच्या रस्त्याला लागली, आणि साखराबाईने तोंडात राहिलेलं सावकाश चावून गिळलं.